पांढरे रक्त

उर्दूत शिकवायचे आणि मराठीत लिहायचे, असा ज्याचा रोजचा व्यवहार आहे त्याला प्रत्येक शब्द दोन बाजूंनी पाहण्याची सवय लागते. 'सरतान' हा असाच एक शब्द. अरबी-उर्दूत सरतान म्हणजे खेकडा आणि सरतान म्हणजेच कॅन्सर. मराठीत कर्क म्हणजे खेकडा आणि कर्करोग म्हणजे कॅन्सर. लॅटिनमध्ये तर कॅन्सर याच शब्दाचा अर्थ खेकडा. जुन्या वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पण मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा आहे, आणि त्यात हाताला लागेल अशी खेकड्याची गाठ बहुधा नसतेच. तो ताप होऊन येतो, पायदुखी होऊन येतो, थकवा होऊन येतो. ही तर प्रत्येक घरातली दुखणी. म्हणूनच तो दारात उभा असूनही कोणी त्याला ओळखत नाही.

आम्ही मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. २०२३ साली आमच्याकडे सहावीचा वर्ग होता. त्या वर्गातल्या एका मुलाची ही हकिकत. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. त्याची आणि त्याच्या अम्मीची परवानगी घेऊनच एवढे लिहीत आहोत.

शाळेत मुलाच्या आजाराची पहिली नोंद हजेरीपुस्तकात होते. या मुलाची हजेरी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होती. मग एकदम दोन दिवस गैरहजर. चिठ्ठीत कारण 'बुखार'. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस, 'पाँव में दर्द'. मार्चमध्ये एकदा 'नाक से खून'. वडील लूमवर रात्रपाळी करणारे, अम्मी घरी कांड्या भरणारी, घरात चार मुले. प्रत्येक दुखण्याला घरात एक उत्तर तयार होते. ताप आला, हवा बदलली आहे. पाय दुखतात, उंची वाढते आहे. नाकातून रक्त आले, मालेगावचे ऊन. यातले एकही उत्तर मूर्खपणाचे नव्हते. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांच्या बाबतीत हीच उत्तरे बरोबर ठरतात.

२४ मार्चला रमजान सुरू झाला. मागच्याच वर्षी त्याची रोजाकुशाई थाटात झाली होती, त्यामुळे या वर्षी रोजे ठेवण्याची त्याला हौस होती. तिसऱ्या रोज्याला तो शाळेचा जिना चढताना मध्येच बसला. ओठ पांढुरके, नखे पांढुरकी. सगळ्यांनीच म्हटले, लहान जीव, रोजा झेपला नाही. घरच्यांनी पुढचे रोजे सोडायला लावले. पण रोजा सोडला तरी थकवा सुटला नाही. मिस्वाक केली की हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

आणि मग एका सकाळी त्याचे वडील रात्रपाळी संपवून थेट शाळेत आले. कपड्यांवर लूमचा कापूस तसाच. मुलाला अंघोळ घालताना त्याच्या अम्मीने पाठीवर आणि मांडीवर निळे-जांभळे डाग पाहिले होते. वडील मुख्याध्यापकांसमोर उभे राहून फक्त एवढेच म्हणाले, "सर, बच्चे पर हाथ किसने उठाया?"

मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. ती नसती तरी त्या बापाचा प्रश्न रास्तच होता. दुपारपर्यंत मोहल्ल्यात बोलले जाऊ लागले की शाळेत मुलाला गुरासारखे मारले. कवायतीच्या शिक्षकांकडे बोटे दाखवली गेली. मुख्याध्यापकांनी वडिलांना, मुलाला आणि आम्हा सर्व शिक्षकांना एकत्र बसवले. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, "किसी ने नहीं मारा." त्याच्या मित्रांनीही सांगितले की महिनाभर तो खेळायलाच आलेला नाही, सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ बसून असतो. मोठ्यांना वाटले, पोरे घाबरून खोटे बोलताहेत.

तेव्हा आम्ही त्याला पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितले. नडगीवरच्या निळ्या डागांचे काही नसते, धावणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नडगीवर ते असतात. पण या डागांच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, घोट्यांजवळ तर दाट. पुरळ असते तर बोटाने दाबल्यावर फिके पडले असते. हे पडत नव्हते. त्वचेखाली रक्त झिरपले की असे ठिपके उठतात, आणि असे ठिपके सहसा कोणाच्या छडीने उठत नाहीत. आम्ही डॉक्टर नाही. रोगाचे नाव घेणे आमचे काम नव्हते आणि आम्ही ते घेतलेही नाही. आम्ही हजेरीपुस्तक वडिलांसमोर ठेवले. ताप, पाय, नाक, हिरड्या, जिना आणि आता हे डाग. सहा गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. सहा वेगवेगळ्या दिवशी त्या सहा किरकोळ गोष्टी होत्या. एका कागदावर आल्यावर त्या तशा दिसेनात. वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. आम्ही म्हणालो, "आधी रक्त तपासून घ्या. मग शाळेचा जो काही गुन्हा असेल तो आम्ही कबूल करू."

या सहा गोष्टी एकत्र का याव्यात, हे समजून घ्यायला शाळेच्या पुस्तकातले रक्त पुरेसे आहे. रक्तात तीन प्रकारच्या पेशी. तांबड्या पेशी प्राणवायू नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, आणि प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका रक्तस्राव थांबवतात. तिन्ही तयार होतात हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. ल्युकेमियात या मज्जेतली एक कच्ची पेशी बिघडते. ती वयात येत नाही, काम करत नाही, फक्त आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करत राहते. या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. त्यांनी मज्जा भरून गेली की बाकीच्यांना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की फिकटपणा आणि धाप. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की वारंवार ताप. प्लेटलेट घटल्या की नीळ, ठिपके, नाकातून आणि हिरड्यांतून रक्त. आणि आतून दाटलेले हाड दुखते, विशेषतः रात्री. लहान मूल कधी लंगडू लागते, कधी चालायलाच नकार देते. मानेत, काखेत, जांघेत गाठी येऊ शकतात. यकृत आणि प्लीहा वाढून पोट भरल्यासारखे दिसू शकते.

घरी मात्र त्याच दिवशी वेगळे ठरले होते. नजर उतरवून झाली होती, तावीज बांधून झाला होता. आता मामांनी सुचवले की खराब रक्त काढून टाकावे, हिजामा करावा. शुक्रवारी लूम बंद असतो, तेव्हा शुक्रवार ठरला. येथे आम्हाला एका माणसाचे आभार मानायचे आहेत. हिजामा करणाऱ्या त्या बुजुर्गांनी मुलाची पाठ आणि पाय पाहिले आणि हात मागे घेतला. म्हणाले, "इस बच्चे को मैं ब्लेड नहीं लगाऊँगा. पहले खून की जाँच." प्लेटलेट इतक्या कमी असताना कातडीला चिरा पडल्या असत्या तर रक्त थांबवणे कठीण झाले असते. ज्याला जे माहीत नाही ते तो करत नाही, हेही एक ज्ञानच आहे.

तपासणी साधी होती. कोणत्याही तालुक्याच्या गावी होते ती, रक्तपेशींची पूर्ण मोजणी. लोक तिला सीबीसी म्हणतात. संध्याकाळी लॅबमधून वडिलांना फोन आला की रिपोर्ट न्यायला वाचता येणारा माणूस घेऊन या. वडिलांनी आम्हाला बोलावले. हिमोग्लोबिन ६.१. या वयाला ते साडेअकराच्या वर हवे. प्लेटलेट १८ हजार. हव्यात दीड ते चार लाख. पांढऱ्या पेशी ४६ हजार. असतात साधारण पाच ते तेरा हजार.

लॅबच्या डॉक्टरांनी आम्हाला आत बसवले. म्हणाले, मशीनने यातल्या बहुतेक पेशी लिम्फोसाइट या सदरात टाकल्या होत्या, पण शंकेची खूणही केली होती. म्हणून काचपट्टीवर रक्त पसरवून, रंगवून त्यांनी स्वतः पाहिले. त्यांनी आम्हालाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. वर्गात आम्ही मुलांना तयार काचपट्ट्या दाखवतो, त्यात अशा पेशी आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. मोठे गोल केंद्रक, त्याने जवळजवळ पूर्ण पेशी व्यापलेली, कडेला निळसर पट्टी तेवढी शिल्लक. एक नव्हे, नजर जाईल तिथे तशाच. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरवेळी पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात असे नाही. मुलांमधल्या सर्वांत सामान्य ल्युकेमियात सुमारे निम्म्या मुलांची संख्या पहिल्या तपासणीत दहा हजारांच्या आतच असते, कधी नेहमीपेक्षाही कमी. तेव्हा 'पांढऱ्या पेशी ठीक आहेत' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. तिन्ही आकडे एकत्र वाचावेत, आणि काचपट्टी माणसाच्या डोळ्याने पाहावी.

रिपोर्टवर त्यांनी लिहिले, तीव्र ल्युकेमियाची शक्यता, अस्थिमज्जेची तपासणी करावी. 'शक्यता' हा शब्द वडिलांना बुडत्याला काडीसारखा वाटला. पण तो दिलासा नव्हता, शिस्त होती. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, पण बहुधा आठवडाभरात चढू लागतात. आयटीपी नावाच्या विकारात नीळ आणि ठिपके असेच उठतात, पण बाकीच्या पेशी ठीक असतात आणि मूल खेळत असते. अप्लास्टिक अॅनिमियात तिन्ही पेशी घटतात, पण तिथे मज्जा रिकामी असते, इथे ती खचाखच भरलेली. सांधेदुखीचा मुलांमधला आजार आणि हाडांचा क्षयही आरंभी असेच दिसू शकतात. यातला कोणता, हे रक्तावरून पूर्ण कळत नाही. मज्जा पाहावीच लागते.

दोन दिवसांत ते मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचले. १९४१ पासून उभे असलेले हे रुग्णालय महाराष्ट्रातल्या किती मोहल्ल्यांचे, किती वाड्यांचे शेवटचे नाव असते! सुट्टी काढून आम्हीही बरोबर गेलो, कारण अम्मीला मराठी थोडे कळते, इंग्रजी अजिबात नाही, आणि रिपोर्ट तर इंग्रजीतच.

तिथल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, "कधीपासून?" अम्मी म्हणाली, रोज्यांपासून. आम्ही हजेरीपुस्तकाची नक्कल पुढे केली. फेब्रुवारीपासून. दुसरा प्रश्न होता, "आतापर्यंत कोणकोणत्या गोळ्या दिल्या?" अम्मीने प्लास्टिकची पिशवी उपडी केली. तापाच्या गोळ्या, कॅल्शियम, लोहाचे टॉनिक. डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटून पाहिले आणि मान हलवली. त्यांना स्टेरॉइड शोधायचे होते. पायदुखीवर किंवा अशक्तपणावर कोणीही सहज देऊन टाकतो त्या गोळ्या. स्टेरॉइड हे या रोगाच्या उपचारातलेच एक औषध आहे. निदानाआधी ते पोटात गेले तर ब्लास्ट काही दिवस मागे हटतात, मूल बरे दिसते, तपासणी फसते, आणि रोग पुन्हा डोके वर काढतो तेव्हा पहिले चित्र हाती उरलेले नसते. सांधे दुखणाऱ्या किंवा नीळ उठणाऱ्या मुलाला रक्त तपासल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये, हे वाक्य आम्ही तेथे ऐकले आणि तेव्हापासून मोहल्ल्यात सांगत आहोत.

मग मज्जा काढली. कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने, भूल देऊन, सुईने. निरोगी मज्जेत ब्लास्ट शेकडा पाचापेक्षा कमी असतात. वीस किंवा अधिक झाले की ल्युकेमिया मानतात. याच्या मज्जेत ते शेकडा ऐंशीच्या वर होते. पण 'ल्युकेमिया आहे' एवढ्यावर काम थांबत नाही. कोणत्या घराण्याची पेशी बिघडली? मुलांच्या ल्युकेमियात चारात साधारण तीन लिम्फोब्लास्टिक असतात, उरलेल्यांत बहुतेक मायलॉइड. दोन्हींचे उपचार वेगळे. फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्रात पेशींच्या अंगावरच्या खुणा तपासतात, सीडी १९, सीडी १०, सीडी ३ अशा नंबरांच्या. आम्ही अम्मीला सांगितले, हा पेशीचा शिनाख्ती कार्ड पाहण्याचा प्रकार आहे. ती लगेच समजली. मुलाच्या पेशी बी-लिम्फोब्लास्टिक निघाल्या. गुणसूत्रांच्या तपासणीला आणखी दिवस लागले. काही बदल चांगल्या लक्षणाचे असतात, तर ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असेल तर वेगळी औषधे जोडावी लागतात. ती अदलाबदल नव्हती.

पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे म्हटल्यावर अम्मी उठून उभी राहिली. "उससे बच्चा लंगड़ा हो जाता है." ही भीती किती घरांत आहे! डॉक्टरांनी शांतपणे चित्र काढून दाखवले. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते. मेंदूभोवतीच्या पाण्यात ब्लास्ट लपले आहेत का, हे पाहण्याचा तो मार्ग आहे, आणि तिथे औषध पोहोचवण्याचाही. अम्मीने त्या चित्रावर बोट ठेवून दोनदा विचारले, आणि अंगठा न लावता सही केली. तिला सही येते हे तिच्या मुलालाही माहीत नव्हते.

ल्युकेमिया या शब्दाचा अर्थ आम्ही तिथल्या बाकावर बसून दादींना सांगितला. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी १८४५ मध्ये एका मृत रुग्णाचे रक्त पाहिले. पांढऱ्या पेशींनी ते इतके भरले होते की त्यांनी त्याला पांढरे रक्त म्हटले, आणि १८४७ मध्ये त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घडवला. दादी चमकल्या. आपल्या बोलीत ज्याला रक्ताच्या नात्याची माया उरली नाही त्याचे 'खून सफेद हो गया' म्हणतात. म्हणाल्या, "हमारे खानदान में किसी का खून सफेद नहीं हुआ." आम्हाला त्यांना समजावणे कठीण गेले. पण पुढच्या महिन्यांत मुलाला रक्त आणि प्लेटलेट लागल्या तेव्हा आळीपाळीने परळला येऊन बसणाऱ्या पोरांत त्यांचे नातेवाईक होते, लूमवरचे कामगार होते, आणि आमच्या शाळेतले ते कवायतीचे शिक्षकही होते, ज्यांच्यावर बोटे दाखवली गेली होती. मुलाच्या वडिलांनी त्यांचा हात धरला. दोघेही काही बोलले नाहीत.

फिर्शोनंतर शंभर वर्षे निदान म्हणजे फक्त नाव कळणे होते. नाव कळले आणि मूल काही आठवड्यांत गेले. बॉस्टनचे सिडनी फार्बर हे मूळचे पॅथॉलॉजिस्ट, मृत मुलांच्या पेशी पाहणारे. १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांना अॅमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचा अहवाल छापला. त्यांतली १० मुले काही काळ सुधारली होती. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथले संशोधनप्रमुख होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते त्याच वर्षी वारले. पुढच्या दशकांत औषधांची जोडणी होत गेली, आणि आज प्रगत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे. औषधे तीच असूनही कमी आहे. मुले उशिरा पोहोचतात, वाटेत जंतुसंसर्ग गाठतो, पैसे संपले की उपचार अर्धवट सुटतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने पैशाचा भार बराच उतरवला आहे. वेळेचा भार उतरवणे आपल्या हातात आहे.

त्याचे वय दहाच्या वर असल्यामुळे त्याला अधिक जोखमीच्या गटात धरले गेले. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर पुन्हा मज्जा तपासली, या वेळी दहा हजार पेशींत एक ब्लास्ट उरला असेल तरी सापडावा अशा बारकाईने. सापडला नाही. तरीही उपचार दोन वर्षांवर चालले, कारण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे डॉक्टर जाणतात. २०२५ च्या अखेरीस गोळ्या थांबल्या. तपासण्या अजून चालू आहेत. दोन इयत्ता मागे पडला आहे, पण रोज येतो.

मुलाला त्याच्या रोगाचे नाव कोणी सांगायचे, यावर घरात बराच वाद झाला होता. शेवटी त्यानेच विचारले, "सर, मुझे क्या हुआ है?" आम्ही वडिलांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. आम्ही त्याला मज्जा, कच्च्या पेशी, औषधे असे सगळे सांगितले, कॅन्सर हा शब्द न वगळता. त्याने एकच विचारले, "मतलब मुझे किसी ने नहीं मारा था, ये सब को मालूम हो गया ना?"

वाचकहो, ताप आलेल्या, पाय दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला हा रोग नसतो. हा दुर्मीळ रोग आहे, आणि भीती पसरवण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. पण आठवडा-दोन आठवडे न हटणारा ताप, वाढत जाणारा फिकटपणा, मार न बसता पाठीवर-पोटावर उठणारी नीळ, दाबल्यावर न जाणारे लाल ठिपके, झोपेतून उठवणारी हाडदुखी, यांतली एक गोष्ट जरी मुलात दिसली तरी लगेच रक्त तपासावे आणि काचपट्टी पाहायला सांगावे. आमच्या शाळेत आता गैरहजेरीचे कारण नुसते चिठ्ठीत राहत नाही, हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर त्या मुलाच्या नावापुढे लिहिले जाते आणि महिन्याअखेरीस वर्गशिक्षक ते पान एकदा वाचतो. त्याला पाच मिनिटे लागतात. दुआ तर आपण करतोच. ती करताना हे पानही उघडे असू द्यावे, एवढीच शिक्षक बंधुभगिनींना विनंती.